नव्या कन्सोलकडून मागायचे काय?

दूरचित्रवाणी संचाला जोडून व्हिडिओ गेम खेळण्याच्या यंत्रांचे, म्हणजेच कन्सोलचे, नवे पर्व जवळ येऊ घातले आहे. जून २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या पुढील यंत्रांसाठी एएमडी या अमेरिकन चिपनिर्मात्या कंपनीशी अनेक वर्षांचे सहकार्य जाहीर केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन ५चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी, एएमडीच्याच साहाय्याने सोनी विकसित करीत असलेल्या नव्या तंत्रांची माहिती दिली. ही तंत्रे तोवर केवळ संगणकीय प्रतिरूपात अस्तित्वात होती. मात्र काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये ती आणण्याची उत्सुकता त्यांनी लपविली नाही. एवढे निमित्त पुरेसे झाले. पडद्यावरचा प्रकाश किती खरा भासेल, पाण्यातले प्रतिबिंब किती नितळ असेल, याच्या चर्चेला जगभर ऊत आला.

ही उत्सुकता स्वाभाविक आहे. पण ती योग्य दिशेने वळली आहे का, याचा विचार व्हायला हवा. यंत्राच्या सामर्थ्याची वाढ आता पूर्वीच्या वेगाने होत नाही. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २मध्ये मुख्य स्मृती होती ३२ मेगाबाइट. २००६च्या प्लेस्टेशन ३मध्ये मुख्य आणि चित्रस्मृती मिळून ती ५१२ मेगाबाइट झाली, म्हणजे १६ पट. २०१३च्या प्लेस्टेशन ४मध्ये ती ८ गिगाबाइटवर गेली. पुन्हा १६ पट. आणि २०२०च्या प्लेस्टेशन ५मध्ये? १६ गिगाबाइट, म्हणजे अवघी दुप्पट. एकट्या स्मृतीवरून संपूर्ण यंत्र जोखता येत नाही, हे मान्य. तरीही एकेकाळी सामान्य प्रेक्षकालाही दोन पिढ्यांमधील अंतर पहिल्याच दृष्टिक्षेपात कळत असे. आज तो फरक दाखविण्यासाठी चित्र थांबवून, मोठे करून, शेजारी शेजारी ठेवावे लागते.

किमतीचे गणितही उलटले आहे. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २९९ डॉलरला विक्रीस आला. २००२मध्ये त्याची किंमत १९९ डॉलर झाली आणि २००९मध्ये ती ९९ डॉलरवर आली. थोडा धीर धरला की यंत्र आवाक्यात येई, हा मध्यमवर्गीय कुटुंबांचा भरवसा होता. चिप लहान होत गेली की ती स्वस्तही होई, हे त्यामागचे कारण. चिपनिर्मितीच्या नव्या प्रक्रियांनी हा नियम मोडीत काढला. नोव्हेंबर २०२०मध्ये सुमारे ५०० डॉलरला आलेला प्लेस्टेशन ५ ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेतच सुमारे ५५० डॉलरचा झाला. भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये तो ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२मध्ये ५४,९९० रुपयांवर गेला. जुने होत जाणारे यंत्र महाग होत जावे, हा अनुभव या व्यवसायाला नवा आहे.

यंत्राची वाढ मंदावली आहे आणि किंमत चढती आहे. मग पुढच्या पिढीकडून मागायचे तरी काय? याचे उत्तर चिपच्या ताकदीत नाही, मालकीच्या हक्कात आहे. पैसे मोजून घेतलेला खेळ खरोखर घेणाऱ्याचा असावा, ही आज सर्वांत महत्त्वाची अपेक्षा असायला हवी.

मराठी घरांना हा विचार समजावून सांगण्याची गरज नाही. विकत आणलेले पुस्तक घरचे होते. ते शेजाऱ्याला वाचायला देता येते, ग्रंथालयाला भेट देता येते. वरच्या इयत्तेत गेलेल्या मुलाची पुस्तके धाकट्या भावंडाच्या उपयोगी पडतात. प्रकाशन संस्था बंद झाली म्हणून कपाटातले पुस्तक कोरे होत नाही. खेळाची तबकडी बरीचशी या पुस्तकासारखी होती. महाजालावरून उतरवून घेतलेला खेळ मात्र तसा नाही. तेथे ग्राहकाला वस्तू मिळत नाही, वापराचा परवाना मिळतो. आणि परवाना देणाऱ्याला तो काढूनही घेता येतो.

ही भीती काल्पनिक नाही. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४मध्ये बाजारात आला. तो चालण्यासाठी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेले राहणे आवश्यक होते. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि खेळ सर्वांसाठीच संपला. एकट्याने खेळणाऱ्याच्या आणि तबकडी विकत घेतलेल्याच्या हातीही काही उरले नाही. काहींच्या खात्यांतून तर परवानाही काढून घेण्यात आला. या घटनेनंतर सुरू झालेल्या युरोपीय नागरिकांच्या मोहिमेला जुलै २०२५पर्यंत दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या मिळाल्या. कंपनीने सर्व्हर आयुष्यभर चालवावेत, असा तिचा आग्रह नाही. सेवा बंद करताना खेळ खेळण्याजोग्या स्थितीत सोडून जावे, एवढेच तिचे म्हणणे आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४मध्ये केलेला आणि १ जानेवारी २०२५पासून लागू झालेला कायदाही येथे उल्लेखनीय आहे. ग्राहकाला केवळ परवाना मिळणार असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल दुकानाला ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. कायमस्वरूपी उतरवून घेता येणाऱ्या आणि पुढे कधीही काढून न घेता येणाऱ्या वस्तूंना या अटीतून सूट आहे. कायद्याने ग्राहकाला मालकी मिळवून दिली नाही. विक्रेत्याला खरे बोलायला लावले. हेही थोडके नव्हे.

प्रश्न केवळ एका घराच्या पैशांचा नाही. व्हिडिओ गेम म्हणजे पोरखेळ, असे म्हणून हा विषय अनेकदा झटकला जातो. परंतु कथा, चित्र, संगीत आणि अभियांत्रिकी यांचा संगम असलेले हे माध्यम आता अर्धशतकाहून जुने झाले आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतपणे उपलब्धच नव्हते. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची डिजिटल दुकाने नव्या खरेदीसाठी बंद केली. जे खेळ केवळ तेथेच विकले जात होते, त्यांचा नव्या ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा अधिकृत मार्ग त्या दिवशी संपला.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डिजिटल दुकानांमुळे लहान निर्मात्यांना जगाची दारे उघडली. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी’ हा खेळ घडविला. असुरांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा. तिच्या दृश्यरूपाला पहाडी चित्रशैलीची प्रेरणा. २०२०मध्ये हा खेळ डिजिटल दुकानांतूनच जगभर पोहोचला. तबकड्या छापून देशोदेशीच्या दुकानांत पाठविण्याचा खर्च अशा चमूला पेलणे अवघड असते. तेव्हा डिजिटल विक्रीला विरोध करून काहीच साधणार नाही. उलट, आपल्या मातीतल्या कथा याच मार्गाने येणार असतील, तर त्या मार्गाने आलेली वस्तू टिकावी, हा आग्रह आपण अधिक धरला पाहिजे.

हे तंत्राला अशक्य नाही. २०२५मध्ये निन्टेंडोने डिजिटल खेळ कुटुंबगटातील दुसऱ्या व्यक्तीला दोन आठवड्यांसाठी उसना देण्याची सोय केली. २०२०च्या एक्सबॉक्स सिरीज एक्सवर २००१च्या पहिल्या एक्सबॉक्सचे अनेक खेळ चालतात. म्हणजे खेळ उसना देणे आणि जुना खेळ नव्या यंत्रावर चालविणे, ही दोन्ही कामे जमू शकतात. कमतरता असते ती इच्छेची.

आणि इच्छा निर्माण करण्याचे सामर्थ्य ग्राहकाकडे आहे. २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी नियम जाहीर केले होते. यंत्र २४ तासांतून एकदा महाजालाशी जोडलेच पाहिजे आणि वापरलेला खेळ दुसऱ्याला देण्यावर बंधने राहतील, असा त्यांचा आशय होता. त्यावर असंतोष उसळला. १९ जून २०१३ रोजी, यंत्र बाजारात येण्याआधीच, कंपनीने हे दोन्ही नियम मागे घेतले. मात्र त्यानंतरच्या वर्षांत जे उघड घोषणेने साधले नाही, ते सोयीच्या मार्गाने हळूहळू आले. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये तबकडीचा कप्पाच नव्हता. तो वेगळे पैसे देऊन जोडायचा. जून २०२५च्या स्विच २साठी आलेल्या काही खेळपत्त्यांमध्ये खेळ नव्हता, तो उतरवून घेण्याची केवळ किल्ली होती. बहुतेक ग्राहकांनी आरडाओरडा केला नाही, कारण कोणी काही हिरावून घेत आहे असे त्यांना जाणवलेच नाही.

म्हणून पुढच्या पिढीच्या यंत्राकडून तीन गोष्टी ठामपणे मागायला हव्यात. पूर्वी घेतलेले खेळ नव्या यंत्रावर चालावेत. सर्व्हर बंद झाला तरी, एकट्याने खेळता येण्याजोगा खेळ महाजालाविना चालत राहावा. आणि डिजिटल खेळही पुस्तकाप्रमाणे दुसऱ्याला देता यावा, वारसाकडे जाता यावा. तबकडीचा कप्पा ज्यांना हवा त्यांच्यासाठी राहावा, हे ओघानेच आले.

नवे यंत्र दुकानात मांडले जाईल, तेव्हा मुले पडद्याकडे पाहतील आणि हरखून जातील. ते त्यांचे वयच आहे. पैसे मोजणाऱ्या वडीलधाऱ्यांनी मात्र विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : आज घेतलेला खेळ दहा वर्षांनीही आमच्या घरात चालेल का? या प्रश्नाला ज्या यंत्राचे उत्तर ‘हो’ असेल, तेच खऱ्या अर्थाने पुढच्या पिढीचे यंत्र म्हणावे.