कलेजी सडली खाद्याने, कापणी शेतकऱ्याच्या हिशेबात!



कापूस परवडत नाही, ज्वारी परवडत नाही, तर कोंबड्यांची शेड टाका, असे सांगणारे सेनगाव तालुक्यात पुष्कळ. करारात पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषधही कंपनीचे. आपली शेड, वीज आणि मजुरी. मर झाली की चूक मात्र आपली!

या हिशेबात कोंबडीचे यकृत, म्हणजे आपली कलेजी, कोणी धरत नाही. कित्येक अँटिबायोटिक्स मोडून अंगाबाहेर काढण्याचे काम तिचे. खाद्यात बुरशी लागलेला मका किंवा पेंड आली, की अफ्लाटॉक्सिन नावाचे विष पहिला घाव तिच्यावरच घालते. १९६० साली इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी मेले ते बुरसट भुईमूग पेंडीने. या विषाचा शोध तिथूनच लागला. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरसट मका खाऊन शंभरावर माणसे यकृत बिघडून दगावली.

अशी कलेजी टायलोसिनसारखे औषध वेळेवर मोडू शकत नाही, ते अंगात रेंगाळते. बाटलीवरचा डोस आणि विक्रीआधी औषध थांबवायचे दिवस ठरलेले असतात निरोगी पक्ष्यावर! त्यात आजारी पक्षी पाणी कमी पितो, म्हणून पाण्यातले औषध कोणाच्या पोटात किती गेले ते देव जाणे. तरी सुपरवायझर म्हणतो, डोस वाढवा.

आणखी ऐका. रक्ती हगवणीसाठी खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन मिसळतात. वरून पाण्यात टियाम्युलिन दिले, तर ते मोडण्याचे यकृताचे काम अडते; पक्षी लुळे पडतात, मरतात. पशुवैद्यकांना हे पक्के ठाऊक आहे. पण पोत्यात काय मिसळले हेच ज्याला सांगत नाहीत, त्याने सांभाळायचे कसे?

जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन बंद केले. बरे केले. पण एका औषधावर बंदी घालून बुरसट मका शुद्ध होत नाही.

म्हणून करारावर अंगठा उठवण्याआधी लिहून घ्या: खाद्याच्या प्रत्येक खेपेबरोबर अफ्लाटॉक्सिन तपासणीचा दाखला, पोत्यात मिसळलेल्या औषधाचे नाव, आणि अँटिबायोटिक द्यायचे तर पशुवैद्यकाच्या सहीची चिठ्ठी, थांबायच्या दिवसांसकट. मर झाली तर पक्षी पुरण्याआधी चिरून पाहणी झालीच पाहिजे. पिवळी, सुजलेली, हाताने चुरगळणारी कलेजी निघाली, तर आधी खाद्याची तपासणी करा. खाद्य दोषी ठरले तर त्या पक्ष्यांचा एक पैसाही शेतकऱ्याकडून कापू देऊ नका.