मुकादम अजून निवृत्त झालेला नाही

जानेवारी 2025मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी एक खंत बोलून दाखवली. कर्मचाऱ्यांना रविवारी कामाला लावता येत नाही, याचे त्यांना वाईट वाटत होते. देशभर टीका झाली, विनोदही झाले. पण ज्या मुंबईत या कंपनीचा जन्म झाला, तिथे रविवारची सुटी कशी मिळाली याची आठवण फारशी कुणाला झाली नाही.

सप्टेंबर 1884मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या साध्या होत्या : आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन. त्यातली रविवारची सुटी मालकसंघाच्या गळी उतरायला 10 जून 1890 उजाडावे लागले. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले होते, त्यामुळे कामगाराला नेमके काय खुपते ते त्यांना ठाऊक होते.

त्याच काळात नागपुरात वेगळा प्रयोग चालू होता. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल 1877मध्ये सुरू झाली. कामगार वरचेवर दांडी मारत. दंडाचा बडगा उगारण्याऐवजी तिथे हवा खेळती राहील, दमटपणा योग्य राहील अशी यंत्रणा बसवली गेली, चांगल्या हजेरीला बक्षिसे दिली गेली, 1886मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. माणसे टिकू लागली. सरकारने अशी सक्ती करण्याआधीच एका मालकाला हा हिशेब समजला होता. मात्र तो त्याच्यापुरताच राहिला. शेजारच्या गिरणीने त्याचे अनुकरण करावे, असे कोणतेही बंधन नव्हते.

पण कामगाराच्या रोजच्या आयुष्यात मालक नव्हताच. तिथे होता मुकादम आणि बायकांच्या खात्यात नायकीण. कामावर घ्यायचे कुणाला, रजा कुणाला, बदली कुणाला बोलवायचे, सगळे त्याच्या हाती. या अधिकाराची किंमत दस्तुरीच्या, म्हणजे लाचेच्या रूपाने वसूल होई. तोच गावाकडची माणसे आणी, खोली मिळवून देई, अडीनडीला कर्ज देई, म्हणून त्याच्याविरुद्ध तोंड उघडणेही अवघड. मुकादम जन्मजात दुष्ट होता असे नव्हे. त्याला वरून माल काढायला सांगितले जाई आणि खाली हवे तसे वागायची मुभा असे. अशा जागी बसवलेला भला माणूसही फार काळ भला राहत नाही.

रोग कुठे आहे हे भारतातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने ओळखले होते. 1931च्या अहवालात त्याने भरती आणि बडतर्फी मुकादमाकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावी, असे सुचवले. पुढे 1948च्या फॅक्टरी कायद्याने 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. मुकादमाला चार उपदेश ऐकवून काम भागणार नाही, त्याचे अधिकार वाटून टाकावे लागतील, हे यातले शहाणपण.

आज हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या कार्यालयात मुकादमाच्या खुर्चीवर टीम लीडर बसतो. रजा त्याच्याकडे, अप्रेझल त्याच्याकडे, प्रकल्पावर ठेवायचे की बाहेर काढायचे तेही बहुतेक वेळा त्याच्याच शब्दावर. उत्तम प्रोग्रॅमर म्हणून त्याला बढती मिळते. माणसे कशी सांभाळायची हे मात्र त्याला कुणी शिकवलेलेच नसते. वरच्यांचा तगादा तो खालच्यांवर ढकलतो, आणि मग कंपनी तणावमुक्तीचे व्याख्यान ठेवते.

या टीम लीडरला खरोखर मदत करायची असेल, तर व्याख्यानापेक्षा तीन गोष्टी उपयोगी पडतील. बढतीच्या आधी माणसे हाताळण्याचे प्रशिक्षण द्यावे. त्याचे मूल्यमापन कामाच्या आकड्यांबरोबर हाताखालचे किती जण सोडून गेले, किती रजा नाकारल्या, यावरही व्हावे. आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला त्याच्या प्रभावाबाहेरचे दार असावे. यात त्याचेही संरक्षण आहे. नकार द्यायचा अधिकार फक्त त्याच्याकडे नसला, तर प्रत्येक नकाराचा राग त्याच्यावर निघत नाही. वरून अशक्य मुदत आली, तर ती नाकारायला त्याला नियमाचा आधार मिळतो.

मालकाला हे परवडते का, हा प्रश्न 1890मध्येही विचारला गेला होता. रविवार मिळाला म्हणून मुंबईच्या गिरण्या बुडाल्या नाहीत. पुढची कित्येक दशके त्या चालल्या. आजच्या कंपन्यांनी तेवढा तरी धडा घ्यावा आणि आपल्या मुकादमाला एकट्याच्या मर्जीवर माणसे चालवण्याच्या जबाबदारीतून मोकळे करावे.