‘उत्कंठे’चा अर्थसंकोच

मतमोजणीचा दिवस असो वा क्रिकेटचा अंतिम सामना, वृत्तपत्रांत एक वाक्य हमखास छापून येते : ‘उत्कंठा शिगेला पोहोचली.’ शीग म्हणजे धान्याच्या मापावर काठाच्या वर चढणारी रास. कल्पना सुंदर आहे. परंतु त्या मापात आज आपण जे भरतो, ते मूळचे धान्य नव्हे. पुढे काय घडणार हे जाणण्याची अधीरता, जवळजवळ एवढाच अर्थ मराठीत या शब्दाला उरला आहे. ‘उत्कंठावर्धक’ हे विशेषण तर रहस्यकथांच्या जाहिरातींनी कायमचे आपलेसे केले आहे.

संस्कृतातील उत्कंठा अशी उथळ नाही. ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘कंठ’ म्हणजे गळा, मान. दूर जाणाऱ्याच्या वाटेकडे मान उंचावून पाहणे, ही तिची मुद्रा. वैयाकरण आणखी खोलात शिरतात. धातुपाठात ‘कठि’ हा धातू शोक या अर्थी सांगितला आहे, आणि येथे शोक म्हणजे आध्यान, असा खुलासा भट्टोजी दीक्षितांनी सिद्धांतकौमुदीत केला आहे. आध्यान म्हणजे ओढीने केलेले स्मरण. अमरकोशातही हा शब्द चिंता आणि स्मृती यांच्या लगतच येतो. त्याला तेथे दिलेला पर्याय आहे ‘उत्कलिका’, ज्याचा दुसरा अर्थ लाट असा होतो! कुतूहलाचा येथे संबंधच नाही. संबंध आहे तो स्मरणाशी.

याचे सर्वोत्तम उदाहरण कालिदासाच्या शाकुंतलाच्या चौथ्या अंकात सापडते. शकुंतला सासरी निघाली आहे. अद्याप ती आश्रमातच आहे, आणि तरीही आपल्या हृदयाला उत्कंठेने स्पर्श केला आहे, असे कण्व म्हणतात. त्याच श्लोकात त्यांचा कंठही रोधून धरलेल्या अश्रूंनी दाटला आहे. दोन्ही शब्द कवीने एकत्र आणावेत, हा योगायोग मला तरी वाटत नाही. कण्वांना काय घडणार हे ठाऊक आहे. पाठवणी त्यांनीच योजिली आहे. आजची उत्कंठा निकाल ठाऊक नसताना जन्मते आणि तो लागताच संपते. कण्वांची उत्कंठा मात्र निकाल ठाऊक असूनही उरणारी आहे.

शब्दांचे अर्थ पालटतातच, असे यावर कोणी म्हणेल. ते खरेच आहे. बंगालीत हाच शब्द आज चिंता, काळजी या अर्थी चालतो. शिवाय मराठीत ओढ आहे, हुरहूर आहे, तळमळ आहे. पण हुरहुरीचे कारण पुष्कळदा सांगता येत नाही, आणि तळमळणाऱ्याला स्वस्थ बसवत नाही. सारे जाणून, स्वतःच निरोप देऊन, अश्रू आवरून उभे राहणाऱ्याच्या मनाला काय म्हणावे? मुंबईच्या विमानतळावर मध्यरात्री काचेपलीकडे गेलेल्या मुलीला शोधत, गर्दीवरून मान उंचावणारा बाप आपण अनेकांनी पाहिला आहे. काहींनी ते दुःख स्वतः भोगले आहे. विमान कोणते, पोहोचणार केव्हा, हे सारे त्याला पाठ असते. तरी तो हलत नाही.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला, तो परकीय शब्दांच्या आक्रमणाविरुद्ध. येथे आक्रमक कोणी नाही. शब्द आपलाच, आणि तो आपणच आतून रिकामा केला. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. ते योग्यच झाले. पण असा शब्द निसटत असताना कोणाला चुकल्यासारखेही वाटले नाही.

निकालांसाठी आणि सामन्यांसाठी कुतूहल, औत्सुक्य, अधीरता हे शब्द सिद्ध आहेत. वार्ताहर बंधूंनी ते वापरावेत. संस्कृत शिकविणाऱ्यांनीही चौथा अंक शिकविताना ‘उत्कंठा म्हणजे उत्सुकता’ असे फळ्यावर लिहून पुढे जाऊ नये. तेथे क्षणभर थांबून मुलांना कण्वांचा दाटलेला कंठ दाखवावा.