फड रंगतो, हिशेब कुठं?

कराड-वाळव्याकडं नुसतं 'फड' म्हणून भागत नाही, कशाचा ते सांगावं लागतं. कृष्णाकाठी उसाचा, यात्रेत कुस्तीचा, कनातीत तमाशाचा, पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांचा. या चौघांना एका शब्दात बांधणारं सूत्र कोणतं? गर्दी, हे सोपं उत्तर टिकत नाही. गर्दी लग्नातही असते, पण लग्नाला कुणी फड म्हणत नाही. मोल्सवर्थच्या 1857च्या कोशात फड म्हणजे सार्वजनिक कामकाजाची जागा. शब्दाचा गाभा मला तिथंच दिसतो: चारचौघांसमोर चाललेलं, ज्याचा हिशेब द्यावा लागतो असं काम.

तोडणीच्या फडात एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल आधीच अंगावर असते. मोळ्या बांधून गाडी भरायची, कारखान्याच्या काट्यावर वजन झालं की त्यावर मजुरी. कुस्तीच्या फडात जोड लावतात, इनाम पुकारतात, पंच नेमतात. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव असोत की कवलापूरचे काळू-बाळू, तमाशाच्या फडाला सुपारी घ्यावी लागते आणि कलावंतांची बिदागी चुकवावी लागते. वारकरी फडातही कीर्तनाची सेवा परंपरेनं ठरलेली.

कुणी म्हणेल, उभ्या उसालाही फडच म्हणतात, तिथं कसला आलाय हिशेब? याचं उत्तर धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत आहे. बंधाऱ्याखालच्या रानाचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाळीनं सोडायचं. म्हणजे जमिनीचा फडही सामाईक शिस्तीतून घडू शकतो. दुसऱ्या बाजूनं कुणी फडणवीस हा शब्द माझ्या पुराव्यात जोडू पाहील. तो मोह मी टाळतो, कारण त्याचं मूळ फारसी 'फर्दनवीस'मध्ये, म्हणजे कागद-याद्या लिहिणाऱ्यात, सांगितलं जातं. नुसत्या नादसाम्यावर व्युत्पत्ती उभी करू नये.

म्हणूनच 'निवडणुकीचा फड रंगला' हे मथळे खटकतात. भाषा बदलते, शब्द नव्या जागी जाणारच, हे मान्य. पण त्यात रंगणं तेवढं उचललं जातं आणि काटा मागं राहतो. उसाच्या फडात वजन झाल्याशिवाय मजुरी नाही, कुस्तीत निकाल लागल्याशिवाय इनाम नाही. निवडणुकीला फड म्हणायचंच असेल, तर पाच वर्षांच्या कामाचं वजनही त्याच मथळ्याखाली छापलं पाहिजे.