छप्पर एक, गव्हाणी वेगळ्या

एक गाय, चार शेळ्या आणि आठ कोंबड्या. वाड्यावस्त्यांवर हिंडणाऱ्या प्रत्येक पशुवैद्यकाला आणि पशुसखीला असा गोठा पदोपदी भेटतो. आपली पुस्तके, प्रशिक्षणे आणि अनुदाने मात्र या एका घराची तीन घरे करतात. रोजगार हमीशी जोडलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेचेच पाहा. 2021च्या शासन निर्णयात दोन ते सहा गुरांसाठी 26.95 चौरस मीटरचा गोठा आहे, दहा शेळ्यांसाठी 7.5 चौरस मीटरची शेड आहे आणि शंभर पक्ष्यांसाठी आणखी एक शेड. एक गाय नि चार शेळ्या सांभाळणारी बाई यातल्या कुठल्या रकान्यात बसते?

हिशेब करून पाहू. गाईला छताखाली 40 चौरस फूट, शेळीला 10 ते 12, कोंबडीला 2. सगळे मिळून शंभराच्या आसपास. गव्हाणी आणि वावरायची वाट धरली तरी दीडशे फुटांत भागते. गुरांचा मंजूर गोठा 290 चौरस फुटांचा असतो. तेव्हा अडचण जागेची नाही, आखणीची आहे. आमचे म्हणणे एवढेच की छप्पर खुशाल एक ठेवा, पण खाणे, पिणे आणि रात्रीचा मुक्काम वेगळा करा.

एकत्र गोठ्यातला सगळ्यात मोठा धोका रोगाचा असतो असे आपण धरून चालतो. आमच्या मते तो आधी खाद्याचा असतो. कोंबड्यांसाठी आणलेला मक्याचा भरडा पोत्यात, पोते कोपऱ्यात, आणि शेळीचे दावे जरा सैल. सकाळी शेळी दात खात उभी असते. डावी कूस फुगलेली, हाताला पाण्याच्या पखालीसारखी लागते, शेण पातळ आणि आंबूस वासाचे. मालक ‘वारे धरले’ म्हणून तेल पाजतो. खरे तर पोटात पिठूळ धान्य आंबून आम्ल वाढलेले असते आणि त्या शेळीला दुपारपर्यंत थांबायला वेळ नसतो. अशी शेळी वाचवण्यापेक्षा झाकणाचा पिंप घेणे फार स्वस्त. पण गोठ्यात गेल्यावर भरड्याचे पोते कुठे आहे, हे आपल्यातले किती जण विचारतात?

दुसरी गोष्ट मान वर केल्याशिवाय दिसत नाही. कोंबड्या रात्री आढ्यावर, नाहीतर गव्हाणीवरच्या वाशावर बसतात. सकाळी कडब्यावर पांढरे शिंतोडे, वर दोन पिसे. गाय तेवढाच कडबा सोडून बाकीचा खाते आणि आपण तिला ‘खात नाही’ म्हणून भुकेचे औषध लिहून देतो. बसायची दांडी गव्हाणीपासून दूर, जाळीच्या आत घ्या. कोंबडी मेली तर तिला वैरणीत वा उकिरड्यावर पडू देऊ नका. कुजलेल्या पक्ष्यातले बोटुलिझमचे विष गाईचे पाय लुळे करते, आणि त्यावर गावात उपाय नसतो. बाकी दिवसा कोंबड्या गोठ्यात फिरल्या तर फिरू द्या, गोचीड टिपतात. कोंबड्यांची रक्ती हगवण करडांना लागते हा समजही सोडून द्यावा. दोघांचे कॉक्सिडिया वेगळे असतात.

आखणीत शेळ्यांची बाजू उंचावर हवी, म्हणजे गाईचे मूत्र त्यांच्याखालून वाहणार नाही. गाय आणि शेळ्यांमध्ये चार फुटांचे कूड पुरे, पण त्याच्या तळाशी फट नको. चार दिवसांचे करडू त्यातून सहज गाईच्या पायात जाते, आणि बसणाऱ्या गाईला खाली काय आहे ते दिसत नाही. भिंत कमरेएवढी, वर जाळी. थंडीच्या भीतीने चारी बाजूंनी पोते लावणाऱ्यांच्या करडांनाच खोकला जास्त, हे आपण पाहतोच.

लसीकरणात मात्र छप्पर एक असल्याचे विसरू नये. लाळ्या खुरकुतात शेळी नुसती जरा लंगडते आणि गाय आडवी होते. 2019मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात शेळ्या-मेंढ्यांचाही समावेश आहे. तरीही लसीची पेटी घेऊन दारात उभे राहिल्यावर प्रश्न येतो तो ‘गुरे किती?’ असाच. शेळी गाभडली तर ती जागा त्याच दिवशी धुऊन चुना टाका, वार हातमोज्यांशिवाय उचलू देऊ नका. ब्रुसेला त्या कोपऱ्यातून गाईकडेही जातो आणि झाडलोट करणाऱ्या बाईकडेही.

मेंढीचे प्रकरण निराळे. तिच्या अंगातला एक विषाणू तिला काही करत नाही, पण गाई-म्हशींना तापाने मारू शकतो. शिवाय गुरांच्या क्षारमिश्रणातले तांबे तिला सोसत नाही. मेंढ्या असतील तर छप्परही वेगळेच सांगा.

पशुसंवर्धन विभागाने आणि रोहयोच्या तांत्रिक शाखेने मिश्र गोठ्याचा एक आराखडा योजनेत घालावा, अशी आमची मागणी आहे. तोवर काम थांबवायचे कारण नाही. तुमच्या भागात असा गोठा नीट चालत असेल, तर त्याचे मापासह रेखाटन आणि आलेला खर्च आम्हाला कळवा. निवडक रेखाटने आम्ही छापू.