वेडेवाकडे जिने

गेल्या महिन्यांत निगडी प्राधिकरणांतील एका वाचक भगिनींचें पत्र आमच्या हातीं आलें. पत्र चार पानांचें होतें, आणि त्यांतील अक्षर जसजसें पुढें जावें तसतसें अधिक घाईचें झालेलें दिसत होतें. बाईंचे चिरंजीव यंत्रशास्त्राची पदविका घेऊन तीन वर्षांपासून चाकणच्या एका कारखान्यांत गाड्यांच्या सुट्या भागांचीं रेखाचित्रें करण्याच्या कामावर आहेत. पगार नियमित, कंपनीची बस कोपऱ्यापर्यंत, लग्नाचें पाहणें सुरू व्हावें असें वय. आणि अशा वेळीं हा मुलगा रात्रीं जेवण झालें कीं संगणकावर कांहीं विलक्षण खेळ मांडून बसतो. "त्यांत ना क्रिकेट, ना मोटारींची शर्यत," बाई लिहितात. "उलटीं चालणारीं माणसें, कोठेंच न पोहोंचणारे जिने, मातीचीं ओबडधोबड तोंडें! आणि आतां म्हणतो, नोकरी सोडून असलींच चित्रें काढीन. ह्याच्या डोक्यास कांहीं झालें तर नाहीं ना, हें आम्हीं कोणास विचारावें?"

अशा पत्रांस आम्ही एरवीं दोन ओळींत उत्तर देतों. परंतु ज्या गोष्टीचा आपणांस गंध नाहीं तीविषयीं दोन ओळीसुद्धां लिहिणें बरें नव्हे, म्हणून एका रविवारीं आम्हीं सरळ निगडीची वाट धरली.

घर नीटनेटकें होतें. बाईंचे यजमान भोसरीच्या एका टूलरूममध्यें हयात घालवून आतां निवृत्त झालेले. भिंतीवर त्यांचा जुना टी-स्क्वेअर अजून खिळ्याला टांगलेला आहे. मुलाच्या बेतासंबंधानें ह्या गृहस्थांनीं दोन महिन्यांत त्याच्याशीं एक अक्षरही काढलेलें नाहीं, असें बाईंनीं आम्हांस स्वयंपाकघरांत हळूच सांगितलें. आमच्या समक्षही ते वर्तमानपत्र उघडून बसले, तें बसलेच.

आम्हीं मुलास म्हटलें, "बाबा रे, तुझा तो वेडावांकडा खेळ आम्हांस दाखीव पाहूं." त्यानें जो पहिला दाखविला त्याचें नांव 'मॉन्युमेंट व्हॅली'. लंडनच्या 'अस टू' ह्या मंडळीनें तो २०१४ सालीं काढला. पडद्यावर एक मनोरा, फिक्या गुलाबी व निळ्या रंगांचा. त्यावर पांढऱ्या वस्त्रांतली इडा नांवाची एक चिमुकली राजकन्या. तिला वरच्या दारापर्यंत न्यावयाचें, पण मधला पूल तुटलेला. खेळणाऱ्यानें मनोऱ्याचा एक भाग चक्रासारखा फिरवावयाचा. आणि फिरवतां फिरवतां दोन कडा डोळ्यांना जुळल्यासारख्या दिसल्या कीं त्या खरोखरच जुळतात, व राजकन्या त्यांवरून चालत जाते! खालचा रस्ता वरच्या मजल्याला मिळतो, भिंत होती ती जमीन होते. आम्हीं दोनदां डोळे चोळले.

इतक्यांत आमच्या खुर्चीमागून आवाज आला, "हें तर आयसोमेट्रिक आहे." यजमान वर्तमानपत्र हातांत तसेंच धरून उठून आले होते. "तीस अंशांच्या रेषा आहेत सगळ्या. खोली कळतच नाहीं ह्यांत. तो मागचा खांब आणि हा पुढचा खांब कागदावर एकाच जागीं पडतो, म्हणून जुळल्यासारखा दिसतो." जें समजण्यास आम्हांस अर्धा तास लागला असता तें ह्या गृहस्थांनीं एका निमिषांत ओळखलें.

वाचकांपैकीं ज्यांनीं शाळेंत चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील त्यांस यथार्थदर्शन म्हणजे काय तें ठाऊक आहेच. आकुर्डी स्टेशनच्या फलाटावरून पाहावें तर लोहमार्गाचे दोन रूळ दूर जाऊन एकमेकांस मिळाल्यासारखे दिसतात. दूरची वस्तु लहान, जवळची मोठी. चित्रकारास हें ठीक. पण कारागिरास त्याचा उपयोग नाहीं, कारण अशा चित्रावर पट्टी ठेवून माप घेतां येत नाहीं. केंब्रिजचे विल्यम फॅरिश हे अध्यापक वर्गांत यंत्रांच्या प्रतिकृति मांडून दाखवीत, आणि त्या जुळविणाऱ्या साहाय्यकांस समजेल असें चित्र त्यांस हवें होतें. १८२२ सालीं त्यांनीं ह्या दुसऱ्या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. तींत लांबी, रुंदी व उंची ह्या तीन दिशा कागदावर एकमेकींशीं १२० अंशांचा कोन करतात, तिन्हींवर एकच माप चालतें, आणि दूर गेल्यानें कांहींही लहान होत नाहीं. आज पिंपरीपासून चाकणपर्यंत ज्या ज्या कारखान्यांत सुटा भाग घडतो, तेथें तेथें ही पद्धत पदविकेच्या पहिल्या वर्षापासून मुलांच्या हातीं बसलेली असते. इतकी शहाणी, इतकी व्यवहारी, इतकी पगारी पद्धत दुसरी नसेल!

आणि ह्याच शहाण्या पद्धतीच्या पोटांत वेड दडलेलें आहे. माप खरें ठेवण्यासाठीं तिनें दूर व जवळ हा भेदच टाकून दिला. त्यामुळें कागदावरचा एक बिंदु अवकाशांतील कोणत्या बिंदूचा, हें चित्रावरून सांगतां येत नाहीं. १९३४ सालीं स्वीडनच्या ऑस्कर रॉयटर्सवार्ड नांवाच्या तरुणानें नऊ ठोकळे असे कांहीं रचून काढले कीं त्यांचा त्रिकोण कागदावर होतो, पण सुतारास तसा करावयास सांगितला तर तो हात जोडील. पुढें १९५८ सालीं लायोनेल व रॉजर पेनरोज ह्या पितापुत्रांनीं अशा अशक्य आकृतींवर एक टिपण मानसशास्त्राच्या नियतकालिकांत छापलें. ह्यांतील पुत्रास २०२० सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां हे उद्योग रिकामटेकड्यांचे म्हणतां यावयाचे नाहींत. त्या टिपणावरून डच चित्रकार एशर ह्यानें १९६० सालीं कायम चढत जाऊन पुनः जेथल्या तेथें येणारा जिना, व १९६१ सालीं आपल्याच उगमावर पडणारा धबधबा काढला. 'मॉन्युमेंट व्हॅली'चा वंश सरळ ह्या एशरपासून आलेला आहे. बाईंच्या चिरंजीवांनीं दिवसा चाकणास काढलेली रेषा आणि रात्रीं पडद्यावर पाहिलेली रेषा ह्या सख्ख्या बहिणी आहेत, हें आम्हीं बोलून दाखविलें. बाईंचा चेहरा कांहीं फारसा उजळला नाहीं.

मग मुलानें आणखी कांहीं नमुने दाखविले. सगळेंच आम्हांस आवडलें असें नाहीं. 'द नेव्हरहूड' हा १९९६ चा खेळ. ह्यांतील सारें जग, घरें व माणसें खऱ्या मातीचीं घडवून एकेक हालचाल छायाचित्रांनीं टिपलेली आहे. बाईंस भिवविणारीं तोंडें तीं हींच! गणपतीच्या दिवसांत पेणची शाडू मळणाऱ्या समाजानें मातीच्या तोंडास भ्यावें, हें जरा नवलच. 'ओकामी' हा २००६ चा जपानी खेळ तेथील शाईच्या कुंचल्याच्या चित्रांसारखा दिसतो. तो आधीं हुबेहुब खऱ्या जगासारखा करावयाचा होता; पण त्या वेळच्या यंत्रास तें ओझें पेलेना, म्हणून करणारे कुंचल्याकडे वळले, आणि त्या अडचणींतूनच तो नांवारूपास आला. कॅनडांतील दोघां भावांनीं २०१७ सालीं पुरा केलेला 'कपहेड' तर १९३० च्या सुमाराच्या हलत्या चित्रांप्रमाणें हातानें कागदावर काढलेला आहे. आणि एक खेळ आम्हांस खरोखर अस्वस्थ करून गेला. तो १९९८ सालचा 'एलएसडी' हा जपानी खेळ. नांवावरून कोणी भलता तर्क करूं नये. काढणाऱ्या कंपनींतील एका स्त्रीनें वर्षानुवर्षें लिहिलेल्या स्वप्नांच्या रोजनिशीवर तो उभारलेला आहे. त्यांत जिंकणें नाहीं, हरणें नाहीं. भिंतीस हात लागला कीं दुसऱ्या स्वप्नांत जाऊन पडावें, इतकेंच. लहान मुलांस तो दाखवूं नये असें आमचें मत झालें. पण आपलीं स्वप्नें पहांटे उठून टिपून ठेवणारी बाई वेडी होती असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. आमच्या आजीस स्वप्नें पडत, आणि तीं ती सगळ्या आळीस सांगे.

बाईंच्या मनांत आणखी एक भय होतें, तें त्यांनीं उशिरां सांगितलें. कोणा नातलगाच्या मुलानें मोबाइलवरील पत्त्यांत पैसे घालविले होते. येथें घोंटाळा करूं नये. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनें २०२५ च्या ऑगस्टांत कायद्यानें बंदी घातली; हे चित्रांचे खेळ त्या जातीचे नव्हत. ह्यांची किंमत एकदां मोजावी, आणि पुढें जें जाईल तें रात्रीची झोंप. ती जाते हें मात्र खरें, आणि त्याबद्दल आम्हीं चिरंजीवांस बाईंच्या देखतच दोन शब्द सुनावले.

आतां 'वेडेंवाकडें' म्हणून आपण ज्यास हसतों त्याविषयीं थोडें. यथार्थदर्शन आपल्या घरांत इंग्रजी चित्रशाळांबरोबर आलें. त्यापूर्वींच्या आपल्या चित्रांत दूरचा राजवाडा जवळच्या झाडाएवढा असे, आणि कोणास त्यांत चूक वाटत नसे. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजाचे चित्रकथी अजून आहेत. रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं सुटीं चित्रें एकामागून एक पुढें करीत ते गाऊन कथा सांगतात. त्यांतील माणसें एका बाजूनें पाहिलेलीं, डोळा मात्र केवढा थोरला! तेथेंच चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही आहे. ह्या परंपरेचे परशुराम गंगावणे ह्यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफाही असाच: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचीं बारा पानें, मिळून १२० वाटोळीं पानें. खेळाच्या साधनावर हुबेहुब जग असलेंच पाहिजे हा हट्ट आपल्या पूर्वजांनीं कधीं धरला नव्हता.

ह्या धाग्यास हात घालणारा एक खेळ पुण्यांतच झाला आहे, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें, आणि थोडी लाजही वाटली. 'राजी' हें त्याचें नांव. करणारी मंडळी पुण्याची नॉडिंग हेड्स गेम्स. भावास सोडविण्यासाठीं निघालेल्या एका मुलीची ही कथा असून दुर्गा व विष्णु ती आपसांत बोलत सांगतात. वाडे राजस्थानी घाटाचे, रंग पहाडी लघुचित्रांचे, आणि मधले कथाभाग छायाबाहुल्यांनीं दाखविलेले. मारामारी आम्हांस कांहींशी अधिक वाटली. पण पहिल्याच चौकांत उतरणारा तो संधिप्रकाश पाहून ती क्षम्य वाटली. २०१७ सालीं ह्या मंडळींनीं लोकवर्गणीनें पैसा उभारण्याचा यत्न केला, तो फसला. २०२० सालीं खेळ बाहेर पडला, आणि त्याच वर्षीं 'द गेम अवॉर्ड्स' ह्या परदेशी पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांच्या पांच नामांकनांत त्याचें नांव आलें. पारितोषिक मिळालें नाहीं.

हा २०१७ चा आंकडा आम्हीं मुद्दाम सांगितला, कारण यजमानांनीं येथें पहिल्यानें मुलाशीं थेट भाषण केलें. "मधलीं तीन वर्षें पगार कोणीं दिला?" त्यांनीं विचारिलें. मुलास तें सांगतां आलें नाहीं. "असा एक खेळ करावयास माणसें किती लागतात?" त्याचें उत्तर त्यानें दिलें, पण अडखळत. आमच्या मतें नोकरी सोडण्याआधीं हीं उत्तरें त्याच्या जिभेवर असलीं पाहिजेत. आमची सूचना अशी पडली कीं त्यानें चाकणची नोकरी आणखी एक वर्ष करावी, आणि त्या वर्षांत दहा मिनिटांचा कां होईना, पण एक खेळ पुरा करून परक्या माणसांच्या हातीं द्यावा. अर्धवट पन्नास चित्रांहून पुरा झालेला एक जिना बरा. बाईंनीं वर्षाचें दीड करून मागितलें. मुलगा गप्प राहिला. हें त्यास मान्य आहे असें आम्ही धरून चाललों आहों, पण खात्री देत नाहीं.

निघण्यापूर्वीं त्यानें आईस 'मॉन्युमेंट व्हॅली'चा दुसरा भाग दाखविला. तो २०१७ चा, आणि त्यांत राजकन्या नाहीं, एक आई व तिची मुलगी आहे. आरंभीं मुलगी आईच्या मागून चालते. पुढें एका जागीं आई तिला निरोप देते, आणि तेथून तिला तसल्याच फसव्या जिन्यांवरून एकटीनें जावें लागतें. बाईंनीं तो भाग पुरा होईपर्यंत पाहिला व कांहीं न बोलतां चहा टाकण्यास गेल्या.

चहाबरोबर त्यानें स्वतः काढलेलें एक चित्र आलें. चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधिमंदिराचा पवनेकाठचा घाट, त्याच्या पायऱ्यांवर एका कारखान्याचें करवतीच्या दात्यांसारखें छप्पर, छपरावर गच्ची, आणि गच्चींतून पुनः खालीं जाणारा जिना. बाईंनीं तळच्या पायरीवर बोट ठेविलें, तें वर वर नेलें, आणि त्या परत पाण्याशींच येऊन पोहोंचल्या. त्यांनीं बोट उचललें नाहीं, दुसऱ्यांदा निघाल्या.

"ह्या गच्चीवर वृंदावन कोठें आहे?" त्यांनीं विचारिलें.

"काढावयाचें राहिलें, आई."

यजमानांनीं चष्मा पुसला, कागद खिडकीपाशीं उजेडांत नेला व म्हणाले, "डावीकडच्या कोपऱ्यावरची रेघ दोन मिलिमीटर पुढें गेली आहे. तेवढी मागें घे."