पेटी नातवासाठी नव्हती

दोन वर्षांपूर्वी खामगावहून एक जुनी पेटी आणली. एसटीत ती सीटखाली मावेना, म्हणून मांडीवर घेऊन बसलो. जानेफळ येईस्तोवर दोन्ही मांड्या बधिर झाल्या होत्या. मेहकरच्या स्टँडवर उतरलो तर ऑटोवाला माझाच जुना विद्यार्थी निघाला. पेटीकडं बघून म्हणाला, "गुरुजी, नातवासाठी का?"

मी म्हटलं, "हो."

गल्लीत शिरल्यावर शेजारच्या वहिनींनी तेच विचारलं. त्यांनाही "हो" म्हटलं. घरात सुनेनं विचारलं तेव्हा तर नातू किती हुशार आहे, त्याला सुराचं अंग कसं आहे हेही जोडून दिलं. नातू तेव्हा सहा वर्षांचा. भात्यापर्यंत त्याचा हातसुद्धा नीट पोचत नव्हता. बायको तेवढी काही बोलली नाही. तिनं पेटीवरची धूळ पुसली आणि ती माझ्या खाटेखाली सरकवून दिली.

पस्तीस वर्षं मी पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि एकसष्टाव्या वर्षी एका पेटीपायी दिवसात तीन थापा मारल्या. कशापायी? चोरी केली नव्हती, कर्ज काढलं नव्हतं. लाज वाटली, एवढंच. आपल्या भाषेत या लाजेला तयार शब्दही आहे, म्हातारचळ. तरुणानं काही मनावर घेतलं की ती जिद्द, आणि तेच साठीच्या माणसानं घेतलं की चळ. त्याच्या जोडीला साठी बुद्धी नाठी आहे, गोवऱ्या मसणात गेल्या आहे. पारावर कुणीतरी हसत म्हणतंच, "आता काय शिकाचं राह्यलं तुमचं भाऊ?" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण ऐकणारा तिथंच बसतो.

मेहकरात आणि आजूबाजूच्या खेड्यांत माझ्या वयाची जी मंडळी आहेत, त्यांच्याशी मला याच विषयावर बोलायचं आहे. साठीनंतर माणसानं काय करावं याची यादी गावानं आधीच करून ठेवलेली असते. सकाळी बालाजीचं दर्शन, मग पेपर, नातवाला शाळेत सोडणं, दुपारी आडवं होणं, संध्याकाळी चार सोबत्यांत बसून सोयाबीनच्या भावावर बोलणं, वर्षातून एकदा शेगाव आणि पंढरपूर. यात वाईट एकही गोष्ट नाही. मीही त्यातल्या निम्म्या करतो. पण ही यादी तुम्हाला विचारून केलेली नाही, आणि तिच्यात तुमची एखादी ओळ घालायला कुणी मनाई केलेली नाही.

आपल्याच गावातल्या एका वकिलांचं उदाहरण देतो. ना. घ. देशपांडे. जन्म १९०९चा. 'शीळ' ही कविता त्यांनी विशीत लिहिली. जी. एन. जोशींनी ती गायली, तिची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताची गोष्ट सांगताना आजही सुरुवात तिथून करतात. एवढं नाव झाल्यावर कुणीही पुण्या-मुंबईची वाट धरली असती. ना. घं.नी मेहकरात वकिली केली. पहिला संग्रह, त्याचंही नाव 'शीळ', निघाला १९५४ साली. तेव्हा कवी पंचेचाळीस वर्षांचे होते. दुसरा, 'अभिसार', १९६३ साली. तिसरा 'खूणगाठी', थेट १९८५ साली.

मधल्या बावीस वर्षांकडं जरा बघा. १९७५ साली एखाद्यानं त्यांचा हिशोब मांडला असता तर काय दिसलं असतं? वय सहासष्ट, नावावर दोन संग्रह, शेवटचा निघून बारा वर्षं झालेली. झालं की सगळं, असंच कुणीही म्हटलं असतं. आणि ज्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळायचा होता ते पुस्तक यायला अजून दहा वर्षं होती. पुरस्कार मिळाला १९८६ साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी. त्यानंतरही १९९६ साली 'गुंफण' आणि 'कंचनीचा महाल' हे दोन संग्रह आले. २००० साली ते गेले.

ना. घ. मोठे कवी होते, आपण कुठं, असं तुम्ही म्हणाल. कबूल. शिवाय त्यांनी कविता काही उतारवयात सुरू केली नव्हती, ती विशीपासूनच सोबत होती. पण मला वाटतं, आपल्यापैकी बहुतेकांचं तसंच असतं. साठीत पडलेलं स्वप्न सहसा नवं नसतं. चौथीत असताना आमच्या गावच्या सप्ताहात मी पहिल्यांदा पेटी जवळून बघितली आणि वाजवणाऱ्याच्या बोटांवरून माझी नजर हलेना. मग शाळा, डी.एड., नोकरी, बहिणींची लग्नं, घराचा हप्ता, मुलाची फी. पेटी काही मेली नव्हती, मागं मागं सरकत खाटेखाली गेली होती. तुमच्याही खाटेखाली काहीतरी असणार. एकदा वाकून बघा.

आता जरा कोरडं बोलतो.

शिक्षण राहिलं असेल तर दहावी-बारावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे, आणि त्याला वयाची वरची अट नाही. बारावी झालेली असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी अभ्यास करून पदवी घेता येते. अक्षरओळखच नसेल तर सरकारचा 'उल्लास' हा साक्षरतेचा कार्यक्रम चालू आहे. त्याची दीडशे मार्कांची परीक्षा असते, वाचन, लेखन आणि हिशोब, प्रत्येकी पन्नास. गावच्या शाळेत जाऊन विचारा, गुरुजी नाव लिहून घेतील. लांब क्लासला कसं जायचं, तर ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. लोक या सवलतीवर लग्नं आणि देवस्थानं करतात, ती करावीतच. पण त्याच तिकिटावर आठवड्यातून एकदा चिखलीला टेलरिंगच्या नाहीतर तबल्याच्या क्लासलाही जाता येतं.

पैशाचं मात्र दोनदा ऐका. फंडाच्या पैशाला हात लावू नका. माझ्या एका सोबत्यानं निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटी घालून जुन्या नागपूर रोडला हॉटेल टाकलं. हॉटेल हे त्याचं जुनं स्वप्न, आणि हाताला चवही होती. पण डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि त्याच्या दारावरून जाणाऱ्या लांबच्या गाड्या तिकडून जाऊ लागल्या. त्यानं आधी वर्षभर लग्नाच्या, सप्ताहाच्या पंगतींची कामं घेतली असती तर स्वप्नही चाललं असतं आणि पैसाही राहिला असता. आपल्याकडची कंचनीची गोष्ट माहीत आहेच. लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसावा एवढा उंच महाल बांधायला निघाली आणि तो पुरा झालाच नाही, असं सांगतात. त्या पडक्या महालाच्या नावावर ना. घं.नी सत्त्याऐंशीव्या वर्षी अख्खा संग्रह काढला, आणि त्याला खर्च आला असेल तो कागद आणि शाईचा. मी पेटीसुद्धा नवी घेतली नाही. सहा महिन्यांत कंटाळा आला तर आणली त्या भावात विकता यावी, हा हिशोब आधीच करून ठेवला होता.

पैशाहून अवघड गोष्ट म्हणजे आपल्याहून लहान माणसाकडून शिकणं. आमच्या भजनी मंडळात पेटी शिकवणारे बुवा चोवीस वर्षांचे आहेत. दिवसा मोबाईलच्या दुकानात बसतात. पहिल्या दिवशी मी ऐटीत सगळी बोटं पट्ट्यांवर ठेवली. बुवा म्हणाले, "काका, बोटं मागून. आधी भाता." आणि पंधरा दिवस त्यांनी माझ्याकडून नुसता भाता मारून घेतला. डाव्या हातानं हवा अशी भरायची की सूर हलता कामा नये. मी जोर लावला की सा फुगायचा, थांबलो की तोच सा विझायचा. एकच पट्टी, काळी दोन, आणि तिच्यावर एक बोट. खांदा दुखायचा. शेजारी दहा वर्षांची एक पोरगी बसून सपासप अलंकार वाजवायची. मी अडलो की ती हसायची नाही, नुसती थांबायची, आणि तेच जास्त लागायचं. पस्तीस वर्षं खडू माझ्या हातात होता. फळ्याच्या या बाजूला बसल्यावर कळलं की वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांना मी उगाच घाई केली. त्यांतला एखादा हे वाचत असेल तर बाबा, चुकलंच माझं.

बायांचं गणित वेगळं आहे, त्यांच्याविषयी मी बोलणं थोडं धाडसाचंच. पुरुष निवृत्त होतो, त्याला निरोपाला नारळ आणि शाल मिळते. त्याची बायको कधी निवृत्त होत नाही. ती साठीची झाली की सुनेचं बाळंतपण, नातवंडं, आणि निवृत्त होऊन घरी बसलेल्या नवऱ्याचा दर तासाचा चहा. तिला काही शिकायचं म्हटलं तर तीन माणसांची परवानगी लागते आणि स्वयंपाक आधी उरकावा लागतो. तरीही काहींनी वाट काढली. लक्ष्मीबाई टिळकांचं शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतंच. नवरा गेला तेव्हा त्या पन्नाशीत होत्या. नवऱ्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य बाईंनी हाती घेतलं, आणि 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग निघाला १९३४ साली, सहासष्टाव्या वर्षी. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६च्या महिला दिनापासून आजीबाईंची शाळा भरली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून आज्या दुपारच्या वर्गाला जाऊ लागल्या. दुपारीच का, तर घरची कामं तेव्हा उरकलेली असतात. ज्यानं ही वेळ ठरवली त्याला बायांचं घर कळत होतं.

मूळच्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लता करे यांचं नाव अशा वेळी हमखास निघतं. साठी ओलांडलेली बाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारीत, अनवाणी धावली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. पुढं त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. हे सांगताना लोक एक गोष्ट गिळतात. त्या हौसेनं धावल्या नव्हत्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून धावल्या. गरिबाच्या अगतिकतेला स्वप्न म्हणून मिरवणं मला पटत नाही. त्या शर्यतीतून मी एवढंच घेतो की त्या बाईच्या पायात एवढी ताकद आहे हे घरात कुणालाच, कदाचित तिलाही, माहीत नव्हतं. तुमच्या घरातल्या बाईचं काय माहीत नाही, ते पेन्शनरांनी जरा विचारून बघावं. आणि विचारण्याआधी संध्याकाळच्या भाकरी स्वतः थापायला शिकावं. मी शिकलो. पेटीपेक्षा अवघड आहे. बायको आता त्या वेळात शेजारच्या वहिनींबरोबर मोबाईलवर बघून क्रोशाची तोरणं विणते, आणि त्यातली दोन विकलीसुद्धा गेली.

तब्येतीचं म्हणाल तर डॉक्टरांना विचारून घ्या, एवढंच सांगतो. गुडघे, साखर, बीपी सगळ्यांना आहे. ते बरं होण्याची वाट बघत बसलात तर पाळी यायचीच नाही. आणि रोज अर्धा तास पुरतो. मी पहाटे बसतो, दार लावून, कारण त्या वेळी चुका ऐकायला फक्त चिमण्या असतात.

गेल्या कार्तिकी एकादशीला बुवांनी मला पहिल्यांदा भजनाला बसवलं. दोन अभंग. पहिला बरा गेला. दुसऱ्यात मी मधेच वाट चुकलो आणि नुसता भाता हलवत राहिलो. पखवाजवाल्यानं सांभाळून घेतलं, बुवांनी हळूच माझ्यासमोरचा माईक आपल्याकडं ओढला. घरी येताना तोच ऑटोवाला भेटला. नातू माझ्या मांडीवर, पेटी पायाशी. ऑटोवाला मागं वळून पोराला म्हणाला, "काय रे, शिकला का पेटी?"

नातू म्हणाला, "आबाची हाय ते. मले हात बी लावू देत नाईत."